विश्लेषण : ‘सीई’चा शिक्का विकत मिळतो का? सिन्नरच्या एका सर्किट बोर्डाची गोष्ट

मागच्या महिन्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. सोनेरी किनार, खाली गोल शिक्का, मधोमध ठळक अक्षरांत ‘सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स’ आणि कोपऱ्यात सी आणि ई ही दोन अक्षरं. त्याखाली मामांचा प्रश्न : ‘हा नमुना आहे. आपल्या नावाने दोन दिवसांत करून देतो म्हणतो. घेऊ का?’

मामांचा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे. सर्किट बोर्डांवर पार्ट बसवायचे, सोल्डर करायचे, तपासायचे आणि खोक्यात भरून पाठवायचे. बारा बायका आणि तीन मुलं कामाला आहेत. त्यातल्या दोघी-तिघींच्या आया विड्या वळायच्या. सिन्नरमध्ये हे ऐकून कुणाला नवल वाटत नाही. विडीवर सवयीचं झालेलं बारीक बोटांचं काम आता रेझिस्टरवर चालतं. इन्व्हर्टरचे, पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी भरून दिल्यावर मामांनी पहिल्यांदा स्वतःचा माल काढला : मोबाइलवरून दिवा-पंखा चालू-बंद करणारा वायफाय स्विच, बाजूला चार्जिंगसाठी एक यूएसबी. पुण्याच्या एका निर्यातदाराने नमुने नेले आणि नेदरलँड्समधल्या ग्राहकाला ते आवडले. मग ईमेल आला. त्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या : डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी, चाचणी अहवाल आणि टेक्निकल फाइल. मामांनी त्याचा अर्थ लावला, ‘सीई सर्टिफिकेट पाहिजे’. आणि असा अर्थ लावणाऱ्यांसाठी बाजारात दुकानं उघडीच आहेत.

मी इलेक्ट्रॉनिक्स ॲण्ड टेलिकम्युनिकेशनची इंजिनीअर. चार वर्षांत मॅक्सवेलची समीकरणं चार वेळा लिहिली असतील. पण बोर्ड विकायचा तर त्यावर कोणती खूण लागते आणि ती कशी मिळते, हे एकाही तासाला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे मामांना उत्तर देण्याआधी मला स्वतःलाच अभ्यास करावा लागला. त्यातून जे हाती आलं ते सिन्नर, सातपूर, अंबडमधल्या अनेकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

हा शिक्का देतं कोण?

बहुतेक मालाच्या बाबतीत उत्तर आहे : कुणीच नाही. तो तुम्ही स्वतः लावता.

सीई म्हणजे ‘कन्फॉर्मिते युरोपीन’, युरोपीय नियमांना अनुरूप. १९९३ च्या एका निर्देशाने ही खूण आजच्या नावाने रूढ केली. तिचा अर्थ, ‘हा माल मी बनवला, त्याला लागू असलेले युरोपीय संघाचे सगळे कायदे मी पाळले, पुरावा माझ्याकडे आहे, आणि खोटं निघालं तर जबाबदार मी.’ म्हणजे हे गुणवत्तेचं पदक नाही, निर्मात्याचं प्रतिज्ञापत्र आहे. घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या बऱ्याचशा मालाला निर्मात्याने स्वतः चाचण्या करून किंवा करवून घेऊन, स्वतःच घोषणापत्रावर सही करायची असते. तिथे तिसऱ्या कुणाच्या सर्टिफिकेटची कायद्याला गरज नाही.

जिथे तिसरा पक्ष लागतो, तिथे तो ‘नोटिफाइड बॉडी’ असावा लागतो. अशा संस्थेला चार अंकी क्रमांक असतो आणि युरोपीय आयोगाच्या ‘नँडो’ या यादीत तो कुणालाही मोफत शोधता येतो. या संस्था युरोपीय संघात असतात, किंवा जपान, कॅनडासारख्या परस्पर मान्यता करार झालेल्या देशांत. मामांनी पाठवलेल्या पीडीएफवरचं नाव मी त्या यादीत शोधलं. सापडलं नाही. कागद बारकाईने वाचल्यावर तळाशी छोट्या अक्षरांत ओळ दिसली : हे सर्टिफिकेट ऐच्छिक आहे आणि निर्मात्याने दिलेल्या कागदपत्रांवर आधारलेलं आहे. थोडक्यात, तुम्ही सांगितलं ते आम्ही सोनेरी चौकटीत छापलं. बोर्डाला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो.

असा कागद विकणं दर वेळी बेकायदा असतंच असं नाही, म्हणून ही दुकानं चालतात. पण तो कागद घेऊन तुम्ही मालावर सीई छापलात आणि उद्या तिकडच्या बाजार निरीक्षकांनी माल उघडला, तर कागद विकणारा कुठेच नसतो. घोषणापत्रावर सही असते मुसळगावच्या मालकाची.

‘चायना एक्स्पोर्ट’ची दंतकथा

या विषयावर बोलायला लागलं की कुणी तरी सांगतंच : दोन अक्षरं जवळजवळ असली तर ते ‘चायना एक्स्पोर्ट’, लांब असली तर खरं सीई. मीही कॉलेजात हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगायचे. २००७ मध्ये हा प्रश्न थेट युरोपीय संसदेत विचारला गेला. अशी कोणतीही वेगळी खूण असल्याचं आपल्या माहितीत नाही, चुकीच्या प्रमाणात छापलेलं ते सीईच आहे, असा आयोगाच्या उत्तराचा आशय होता. अक्षरांचं प्रमाण ठरलेलं आहे आणि उंची सर्वसाधारणपणे किमान ५ मिलिमीटर हवी, हे खरं. पण प्रमाणात छापलेली खूण खोटी असू शकते आणि वाकडी छापलेली खरी. पट्टी लावून ते कळत नाही.

नुसत्या बोर्डाला सीई लागतो का?

इथे नाशिक पट्ट्यातल्या बहुतेक छोट्या कारखान्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू.

पार्ट न बसवलेला कोरा पीसीबी, एखादा रेझिस्टर हे घटक आहेत. त्यांचं स्वतःचं ग्राहकासाठी काही काम नसतं. ते कुठल्या यंत्रात बसणार यावर सगळं अवलंबून. अशा घटकावर, त्याला कोणताही सीईचा कायदा लागू नसताना, ‘असू द्या, बरं दिसतं’ म्हणून सीई छापणं हाच नियमभंग आहे. तुम्ही दुसऱ्या कंपनीसाठी बोर्ड भरून देत असाल आणि अंतिम मालावर नाव त्या कंपनीचं असेल, तर कायद्याच्या भाषेत निर्माता ती कंपनी. तुमच्याकडून तिला पार्टची, सोल्डरची, तपासणीची खरी माहिती हवी असते. सीईची सही तिची.

पण तोच बोर्ड थेट ग्राहकाच्या हातात पडणार असेल आणि जोडला की काम करू लागणार असेल, तर चित्र बदलतं. याचं जगभर गाजलेलं उदाहरण रास्पबेरी पायचं. ३५ डॉलरचा हा उघडा, डबाही नसलेला छोटा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ ला ब्रिटनमध्ये विक्रीला खुला झाला. मागणी इतकी की वितरकांच्या वेबसाइट कोलमडल्या. बनवणाऱ्या फाउंडेशनची समजूत होती की हा विकसकांसाठीचा बोर्ड आहे, तयार माल नाही, तेव्हा अशा इतर बोर्डांसारखा तोही सीईशिवाय चालेल. आरएस आणि फार्नेल या दोन्ही वितरकांनी नकार दिला. सीई नाही तर माल हलणार नाही. तयार झालेले बोर्ड पडून राहिले, चाचण्या कराव्या लागल्या, आणि एप्रिलच्या सुरुवातीला बोर्ड कोणताही बदल न करता पास झाला. मग डिलिव्हरी सुरू.

ही गोष्ट मला आवडते ती एका कारणासाठी. अडवणूक कुठल्या सरकारी साहेबाने केली नव्हती. माल विकणाऱ्यांनी केली होती, कारण कायद्याने जबाबदारीचा वाटा त्यांच्याही गळ्यात घातला आहे. नेदरलँड्सचा ग्राहक मामांकडे कागद मागतो तोही त्याच कारणाने. आयातदार म्हणून त्याचं नाव-पत्ता मालावर जाणार आहे.

यूएसबीजवळचे तीन मिलिमीटर

मामांच्या स्विचमध्ये वायफाय आहे, त्यामुळे तो ‘रेडिओ उपकरण’ ठरतो आणि २०१४ चा रेडिओ उपकरण निर्देश, क्रमांक ५३, लागू होतो. वायफाय नसतं तर वीजसुरक्षेसाठी लो व्होल्टेज निर्देश आणि विद्युतचुंबकीय गोंगाटासाठी ईएमसी निर्देश असे दोन वेगळे लागले असते. रेडिओ निर्देशाने ती दोन्ही कामं पोटात घेतली आहेत. पद्धत अशी की कायदा हेतू सांगतो आणि तपशील मानकांत असतो. टीव्ही, संगणक आणि त्यांच्या अडॉप्टरला ईएन ६२३६८-१, भिंतीतल्या स्विचला दुसरं. योग्य मानक शोधणं हेच पहिलं काम, आणि मामांच्या बाबतीत ते सुरूसुद्धा झालेलं नव्हतं.

रविवारी मी मुसळगावला गेले. सोबत व्हर्नियर नेला.

बोर्डाची एक बाजू थेट २३० व्होल्टला जोडलेली. दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, जिथे यूएसबीचं तोंड आहे आणि कुणाचंही बोट पोचतं. या दोन बाजूंमध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर महत्त्वाचं. धूळ, ओल, बुरशी साचली की वीज पृष्ठभागावरून वाट काढते. नेहमीच्या एफआर-४ बोर्डावर, २५० व्होल्टपर्यंत, माणसाला स्पर्श होणाऱ्या बाजूसाठी हे अंतर साधारण ५ मिलिमीटर तरी हवं. मामांच्या बोर्डावर ऑप्टोकप्लरच्या पोटाखालून कुणी तरी तांब्याची एक रेघ नेली होती. अंतर भरलं ३ मिलिमीटर.

‘अगं, पण आजवर एकही परत आला नाही,’ मामा म्हणाले.

‘नाशिकच्या हवेत नाही आला, मामा. कोकणात पावसाळ्यात दोन वर्षं भिंतीत राहू दे, मग बोला.’

उपाय फुकटात होता. रेघ सरकवायची आणि मधोमध बोर्डाला एक खाच कापायची, म्हणजे पृष्ठभागावरची वाट लांब होते. नवी ड्रॉइंग फाइल, बस्स. सीईच्या अभ्यासातला मला सगळ्यात पटलेला भाग हाच. ते ५ मिलिमीटर ब्रुसेल्सच्या कुणा बाबूचा हट्ट नाहीत. २३० व्होल्ट इथेही आहेत, तिथेही आहेत, आणि यूएसबीची वायर हातात धरणारं पोर दोन्हीकडे सारखंच.

गोंगाटाचं तसंच. मिक्सर लावला की जुन्या रेडिओत खरखर यायची, आठवतंय? स्विचिंग पॉवर सप्लाय तेच करतो, फक्त ऐकू येत नाही. प्रयोगशाळेत दोन अंगांनी मोजतात : वीजवाहिनीवरून परत जाणारा गोंगाट, साधारण १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, आणि हवेतून पसरणारा, ३० मेगाहर्ट्झच्या वर. उलट बाजूनेही तपासतात. बाहेरून स्थिर विजेचा चटका दिला तर उपकरण तग धरतं का? हिवाळ्यात स्वेटर काढून बटणाला हात लावला आणि पंखा आपोआप सुरू झाला, तर नापास.

आणि वायफाय मॉड्यूल? मामांचा भरवसा त्यावरच होता. ‘मॉड्यूलवर सीई आहे ना छापलेला!’ आहे. पण सीईवाला मॉड्यूल अधिक सीईवाला अडॉप्टर म्हणजे सीईवाला स्विच, असं गणित नसतं. मॉड्यूलचे अहवाल कामाला येतात, काही चाचण्या वाचतात. तरी अँटेनाच्या शेजारी तुम्ही रिले बसवला, डबा बदलला, वरून लोखंडी पट्टी आली, की वागणूक बदलते. अख्ख्या उपकरणाची जबाबदारी नव्याने घ्यावी लागते.

पासवर्ड ‘ॲडमिन’

१ ऑगस्ट २०२५ पासून यात एक भर पडली. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागू झाल्या. त्यासाठीच्या ईएन १८०३१ या मानकांना मान्यता देताना आयोगाने एक मेख मारून ठेवली : वापरकर्त्याला पासवर्ड न ठेवताच उपकरण वापरता येत असेल, तर नुसतं हे मानक पाळल्याचं सांगून भागणार नाही. मग नोटिफाइड बॉडीचं दार ठोठवावं लागतं. मामांचा स्विच पासवर्ड न विचारता सुरू व्हायचा, आणि आतल्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड होता ‘ॲडमिन’. सगळ्या नगांना एकच.

पुढचं पाऊल याहून मोठं आहे. सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्यानुसार एखाद्या त्रुटीचा गैरफायदा घेतला जातोय हे कळलं की निर्मात्याने २४ तासांत पहिली सूचना द्यायची. हे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासूनचं, तर पूर्ण कायदा ११ डिसेंबर २०२७ पासूनचा. सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षं सुरक्षा अपडेट देत राहायचे. आता वस्तुस्थिती पाहा. मामांच्या स्विचचं फर्मवेअर नाशिकच्या एका मुलाने सुट्टीच्या दिवसांत लिहून दिलं होतं. तो आता बंगळुरूला आहे, फोन उचलतो कधी कधी. ५ वर्षं अपडेट कोण देणार? छोट्या कारखान्यांसाठी मला हा प्रश्न सोल्डर आणि खाचांपेक्षा अवघड वाटतो, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

शिशाचं भांडं

सीईमध्ये फक्त वीज आणि रेडिओ नाही. २०११ च्या निर्देशापासून घातक पदार्थांवरची मर्यादा, म्हणजे ‘रोह्स’, हीसुद्धा सीईचा भाग आहे. मूळ रोह्स १ जुलै २००६ ला लागू झाला तेव्हा ६ पदार्थ होते. २२ जुलै २०१९ पासून प्लास्टिक मऊ करणारे ४ थॅलेट जोडून एकूण १० झाले. मर्यादा वजनाने ०.१ टक्का. कॅडमियमला आणखी कडक, ०.०१ टक्का. ती अख्ख्या बोर्डावर नाही, प्रत्येक सलग पदार्थावर वेगळी मोजतात. म्हणजे सोल्डरचा एक थेंब हासुद्धा स्वतंत्र पदार्थ.

आता आपल्याकडचं नेहमीचं सोल्डर घ्या. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. मर्यादा ०.१, प्रत्यक्षात ३७. युरोपच्या दृष्टीने एका थेंबात तीनशे सत्तर पट. बिनशिशाच्या मिश्रधातूत ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असतं. चांदीमुळे ते महाग, आणि वितळतं २१७ अंशांच्या पुढे, तर शिशाचं १८३ लाच. कारागिराला ते आवडत नाही. इस्त्री जास्त तापवावी लागते, सांधा चकाकत नाही, मंद दिसतो, आणि चकाकी बघून सांधा पारखणाऱ्या सवयीच्या डोळ्याला तो कच्चा वाटतो.

मामांनी नमुन्यांसाठी बिनशिशाची तार आणली होती. मला अभिमानाने दाखवली. पण बोर्ड खालून बुडवायचं डिप सोल्डरिंगचं भांडं एकच. सकाळी त्यात पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड बुडायचे, दुपारी युरोपचे. सगळी चांदी पाण्यात, किंवा खरं तर शिशात. बाटलीवरचं लेबल कितीही खरं असलं तरी त्या भांड्यातून निघालेला एकही बोर्ड रोह्समध्ये बसणार नव्हता.

हे किती महागात पडू शकतं? डिसेंबर २००१ मध्ये, म्हणजे रोह्सच्याही आधी, नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीचे १३ लाख प्लेस्टेशन अडवले होते. देशाच्या स्वतःच्या कायद्यापेक्षा जास्त कॅडमियम निघालं होतं, तेही मुख्य यंत्रात नाही, सोबतच्या वायरींमध्ये. ऐन नाताळात. सोनी त्यातून सावरली. मुसळगावचा मालक दोन हजार नगांच्या एका खेपेने बसेल.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. ‘एक्स्पोर्टसाठी बिनशिशाचं, लोकलसाठी साधं’ असं आपण सहज म्हणतो, जणू आपल्याकडे बंदी नाहीच. पण २०१२ पासून अमलात आलेल्या आपल्या ई-कचरा नियमांतही यादीतल्या उपकरणांसाठी शिशाची हीच ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांतही ती कायम आहे. नियम आहे, विचारणारं कुणी नाही. शिशाचा धोका सोल्डरच्या धुरापेक्षा हातांवाटे जास्त असतो. दिवसभर तार हाताळायची आणि मधल्या सुट्टीत घाईत हात पुसून डबा उघडायचा. त्या बारा जणींचे हात ग्राहक नेदरलँड्सचा आहे की निफाडचा, यावर बदलत नाहीत.

हा छोट्यांवर अन्याय नाही का?

थोडा आहे. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी अख्खा विभाग असतो. मामांकडे मी आहे, तीही रविवारी. वायफायच्या उपकरणाच्या सगळ्या चाचण्या नीट करायच्या तर खर्च लाखांत जातो. शिवाय टेक्निकल फाइल १० वर्षं जपायची. १६ जुलै २०२१ पासून युरोपातल्या पत्त्यावरची कुणी तरी जबाबदार व्यक्ती दाखवावी लागते, आयातदार नसेल तर पैसे देऊन नेमावी लागते. युरोपने हे नियम निव्वळ माणुसकीपोटी केले, आपल्या उद्योगांचं भलं त्यांच्या मनात कधी आलंच नाही, असं मानण्याइतकी मी भोळी नाही. आणि व्यापार कराराने आयातशुल्क उतरलं तरी सीई उतरत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पण खर्चाचा मोठा भाग चाचणीचा नसतो, नापास होऊन परत चाचणी करण्याचा असतो. माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती युरोपशी नाही. बोर्ड मुंबईला अंधेरीच्या ईआरटीएलमध्ये किंवा पुण्याच्या एखाद्या खासगी प्रयोगशाळेत न्यायचा, तारीख मिळेपर्यंत थांबायचं, पहिल्या तासाभरात नापास व्हायचं, गाडी काढून परत यायचं, एक कपॅसिटर बदलून पुन्हा रांगेत. जो दोष दोन हजार रुपयांच्या पार्टने सुटतो तो शोधायला तीन फेऱ्या लागतात. मग माणूस सोनेरी पीडीएफ घेतो. त्याला फसवायचंच असतं असं नाही, तो थकलेला असतो.

प्राथमिक तपासणीसाठी पूर्ण प्रयोगशाळा लागत नाही. एक स्पेक्ट्रम ॲनालायझर, वीजवाहिनीवरचा गोंगाट मोजणारं ‘लिस्न’, स्थिर विजेचा झटका देणारी गन, सोल्डरमधलं शिसं ओळखणारं एक्स-रे यंत्र आणि हे चालवणारा एक जाणता माणूस. हे एका छोट्या कारखान्याने घ्यायचं म्हटलं तर वेडेपणा. पन्नास कारखान्यांनी मिळून घेतलं तर नाही. सामायिक सुविधा केंद्रांसाठी केंद्राची लघुउद्योग क्लस्टर योजना आहेच. अंबडला नाशिक इंजिनीअरिंग क्लस्टर उभं राहिलं ते याच विचारातून, आणि यांत्रिक कामाच्या माणसाला त्याचा उपयोग काय ते विचारायला लांब जावं लागत नाही. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डांसाठी तसं टेबल माळेगाव किंवा मुसळगावात का नसावं? ‘निमा’ने आणि वसाहतीच्या संचालकांनी हा विषय घ्यावा. समृद्धी महामार्गामुळे सिन्नरचा माल बंदराकडे झपाट्याने जाऊ शकतो, याची भाषणं आपण ऐकतो. चाचणीत नापास झालेला माल त्याच वेगाने परतही येतो.

आणि तालुक्यातली इंजिनीअरिंग कॉलेजं? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तेच लाइन फॉलोअर रोबो बनवण्यापेक्षा चार मुलं एका कारखान्याचा एक बोर्ड घेऊन त्याची टेक्निकल फाइल तयार करू शकतात. सर्किट, पार्टची यादी, धोक्यांचं विश्लेषण, लागू मानकं, चाचण्यांचे आकडे. माझ्या वेळी कुणी सुचवलं असतं तर मी आनंदाने केलं असतं, निदान नोकरीच्या मुलाखतीत सांगायला तरी काही असतं.

आपल्या घरातल्या चार्जरचं काय?

बाजारात शे-दीडशेला मिळणाऱ्या चार्जरवरही सीई असतो, बऱ्याचदा आणखी चार-पाच खुणांसोबत. भारतात विकल्या जाणाऱ्या मालाबाबत सीई तुम्हाला काहीही हमी देत नाही. आपला कायदा वेगळा आहे. इलेक्ट्रॉनिक मालासाठीची सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने आली आणि २०१३ पासून लागू झाली. चार्जर, अडॉप्टर, पॉवर बँक त्यात येतात. इथे नमुना भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो आणि मग निर्मात्याला ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. चार्जर उलटा करा, तो क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव, मालाचा प्रकार जुळला तर ठीक. क्रमांकच नसेल किंवा नाव तिसऱ्याचंच निघालं, तर तो चार्जर रात्री उशाशी लावून झोपू नका.

मामांचं काय झालं?

पीडीएफ घेतली नाही. पुण्याच्या निर्यातदाराला मामांनी फोन करून सांगितलं की तीन महिने लागतील. तो वैतागला, पण नेदरलँड्सच्या ग्राहकाचं उत्तर आलं : थांबतो, फक्त खरे अहवाल पाठवा. खाच कापलेले नवे बोर्ड मागच्या आठवड्यात आले, व्हर्नियरने मोजले, साडेसहा मिलिमीटर भरले. प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड छापायचं ठरलं आहे आणि बंगळुरूचा मुलगा शनिवार-रविवार काम करायला तयार झाला आहे. पाच वर्षांचं त्याने अजून कबूल केलेलं नाही.

बिनशिशाचं दुसरं भांडं आलं आहे. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलंय, त्याच्या इस्त्र्या, चिमटे, स्पंजसुद्धा वेगळे. लाइनवरच्या एका ताईंनी त्यावर हिरव्या ऑइल पेंटने लिहिलंय : ‘इथे शिसं चालणार नाही’. खाली छोट्या अक्षरांत, ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’. प्रयोगशाळेची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे.